टाइमशेअरचं भाड्याने घेतलेलं बुकिंग महामारीत रद्द झालं असेल, तर भाडं परत कसं मागायचं

टाइमशेअर म्हणजे क्लबचा सदस्य होऊन रिसॉर्टमधल्या ठरावीक रात्री दरवर्षी वापरण्याचा हक्क; काही सदस्य या रात्री दुसऱ्याला भाड्याने देतात. अशी खोली भाड्याने घेतलेल्या माणसाचं बुकिंग रद्द झालं की त्याचा पहिला फोन रिसॉर्टला जातो. पहिली चूक तिथेच होते. रिसॉर्टच्या दफ्तरी खोली सदस्याच्या नावावर असते आणि तुम्ही फक्त त्याचे ‘गेस्ट’ असता. भाडं तुम्ही सदस्याला किंवा मधल्या एजंटला दिलेलं असतं, रिसॉर्टला त्यातला रुपयाही मिळालेला नसतो. त्यामुळे “सदस्याशी बोला” हे रिसॉर्टचं उत्तर बहुतेक वेळा खरंच असतं. सदस्य मात्र म्हणतो, “रिसॉर्ट बंद होतं, त्यात माझा काय दोष?” दोघंही खरं बोलतात आणि पैसे मात्र अडकून राहतात.

ही गाठ सोडवणारा प्रश्न एकच आहे: बुकिंग रद्द झाल्यावर त्या रात्री सदस्याच्या खात्यात परत जमा झाल्या का? झाल्या असतील तर सदस्याकडे तुमचं भाडंही आहे आणि विकलेल्या रात्रीही आहेत. एका मालाचे पैसे ठेवून मालही ठेवता येत नाही. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीचा पुरावा मिळवण्यासाठी आणि तो वापरण्यासाठी आहे. लेखातला कायदा भारतातला आहे आणि उदाहरणं गोवा-महाराष्ट्रातली आहेत. टाइमशेअरसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, त्यामुळे १८७२चा करार कायदा आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा यांवरच काम भागवावं लागतं.

आधी मुदत मोजा

कागद गोळा करण्याआधी कॅलेंडर काढा, कारण कोणता मार्ग उघडा आहे ते मुदत ठरवते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात (ग्राहक संरक्षण कायदा, कलम ६९). दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षं असतात. कोविडच्या काळासाठी सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. म्हणजे एप्रिल २०२० मध्ये किंवा एप्रिल २०२१ मध्ये रद्द झालेल्या बुकिंगचं घड्याळ १ मार्च २०२२ ला सुरू झालं. ग्राहक तक्रारीची मुदत फेब्रुवारी २०२४ अखेर संपली आणि दिवाणी दाव्याची फेब्रुवारी २०२५ अखेर. १५ मार्च २०२० च्या आधीच नकार मिळाला असेल, तर तेवढे दिवस आधीच खर्ची पडलेले असतात.

तारीख उलटली म्हणून लगेच फाइल बंद करू नका. पुढच्या चार गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, भाड्याऐवजी ‘पुढच्या वर्षी येऊन राहा’ असं क्रेडिट मिळालं होतं का? ते क्रेडिट नंतर नाकारलं गेलं असेल, तर तक्रारीचं कारण नकाराच्या दिवशी घडलं, अशी मांडणी करता येते. क्रेडिटचा ईमेल आणि नकाराचा ईमेल हे दोन कागद इथे जीव की प्राण.

दुसरी, मुदत संपण्याआधी सदस्याने “तुमचे पैसे देणं आहे, थोडं थांबा” असं सही करून लिहून दिलं होतं का, किंवा थोडी रक्कम परत दिली होती का? मुदत कायद्याच्या कलम १८ आणि १९ प्रमाणे अशा लेखी कबुलीपासून किंवा अंशतः दिलेल्या रकमेपासून दिवाणी दाव्याची मुदत नव्याने मोजली जाते. रक्कम दिल्याची नोंदही देणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीने झालेली असावी लागते. ग्राहक आयोगापुढे जाताना मात्र याच आधारावर विसंबू नका, विलंबमाफीचा अर्जही सोबत जोडा.

तिसरी गोष्ट हा विलंबमाफीचा अर्जच. त्यात उशिराचं कारण काळखंडानुसार आणि पुराव्यासकट द्यावं लागतं. “कोविड होता” एवढं एक वाक्य चालत नाही, कारण कोविडचा काळ आधीच वगळलेला आहे.

चौथी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. मुदतबाह्य झालेलं देणं फेडण्याचं वचन सही करून लेखी दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे तो नवा, बंधनकारक करार होतो. त्यामुळे मुदत संपल्यावरही सदस्य सामोपचाराने तयार झाला, तर तोंडी “देतो” वर थांबू नका. रक्कम आणि तारीख घालून कागदावर सही घ्या.

रद्द कशामुळे झालं ते नेमकं ठरवा

‘कोविडमुळे रद्द’ या दोन शब्दांत चार वेगळी प्रकरणं दडलेली असतात आणि चौघांची ताकद सारखी नसते.

सर्वांत भक्कम प्रकरण म्हणजे सरकारी आदेशाने रिसॉर्टच बंद होतं. देशभरातली टाळेबंदी २५ मार्च २०२० ला सुरू झाली. देशांतर्गत विमानं त्याच दिवसापासून २५ मेपर्यंत बंद होती. गोव्याने पर्यटकांसाठी दार उघडलं ते २ जुलै २०२० ला, तेही मंजुरी मिळालेल्या हॉटेलांपुरतं. महाराष्ट्रात प्रतिबंधित क्षेत्राबाहेरची हॉटेलं आणि लॉज ८ जुलै २०२० पासून ३३ टक्के क्षमतेने सुरू झाले. तुमचं चेक-इन या तारखांच्या आत पडत असेल, तर खोली देणं कोणालाच शक्य नव्हतं. यावर फार वाद होत नाही.

दुसरं प्रकरण, रिसॉर्ट उघडं होतं पण तुम्हाला पोचता येत नव्हतं. महाराष्ट्रात जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत असे आणि ती अट २ सप्टेंबर २०२० ला उठली. एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’च्या निर्बंधांत जिल्ह्याबाहेरचा प्रवास पुन्हा आवळला गेला. अशा वेळी समोरचा म्हणणार, “खोली तयार होती, तुम्हीच आला नाहीत.” हे उत्तर खोडायला त्या तारखेला लागू असलेला सरकारी आदेश हवा, आणि ई-पास नाकारल्याचा मेसेज मिळाला असेल तर तोही. दावा टिकतो, पण पुराव्याचं ओझं तुमच्यावर असतं.

तिसरं प्रकरण, निर्बंध येण्याआधीच तुम्ही भीतीपोटी रद्द केलं. मार्च २०२० च्या पहिल्या पंधरवड्यात असं बऱ्याच जणांनी केलं. इथे करारातलं नेहमीचं रद्दीकरणाचं वेळापत्रकच लागू होतं. एक फट मात्र आहे. तुम्ही १२ मार्चला रद्द केलं आणि चेक-इन ५ एप्रिलला होतं, तर तुम्ही रद्द केलं नसतं तरी ते राहणं अशक्यच ठरलं असतं. कायद्याने हे हुकमी पान नाही, पण तडजोडीत ते वजनदार ठरतं.

चौथं प्रकरण, घरातलं कोणी आजारी पडलं. माणूस म्हणून सदस्याला ते समजावून सांगा, पण कायद्याच्या दृष्टीने हा रद्द करणाऱ्याचा वैयक्तिक प्रसंग आहे. पूर्ण परतावा हक्क म्हणून मागू नका. तारीख बदलून मागा.

कागद: काय मिळवायचं आणि कुठून

कन्फर्मेशन व्हाउचर हा पहिला कागद. त्यावर सदस्याचा क्रमांक, गेस्टचं नाव, खोलीचा प्रकार (स्टुडिओ, वन बेडरूम वगैरे), चेक-इन आणि चेक-आउटची तारीख असते. दुसरा कागद पैसे दिल्याचा: बँक स्टेटमेंटची ती ओळ आणि यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक. यूपीआय अॅपमधला स्क्रीनशॉट पुरेसा धरू नका, बँकेच्या स्टेटमेंटची पीडीएफ काढून ठेवा. तिसरा कागद तुमच्यातल्या ठरावाचा. स्वतंत्र करारनामा क्वचितच असतो, बहुतेक वेळा सगळं व्हॉट्सअॅपवरच ठरलेलं असतं. ते संपूर्ण संभाषण ‘एक्सपोर्ट चॅट’ करून स्वतःला ईमेल करा. निवडक स्क्रीनशॉट दिले की समोरचा “मधले मेसेज लपवले” म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ग्राहक आयोग पुराव्याचे नियम काटेकोर लावत नाही, तरी ते जोडलेलं बरं. मूळ फोन विकू नका आणि फॉरमॅटही करू नका.

आता सर्वांत महत्त्वाचा कागद: रात्री परत जमा झाल्या की नाही. तो तुम्हाला रिसॉर्टकडून मिळणार नाही, कारण खातं सदस्याचं आहे. सदस्यालाच विचारा आणि आधी शांतपणे विचारा: “तुमच्या खात्यात त्या रात्रींचं काय झालं? मेंबर पोर्टलवरची हॉलिडे बॅलन्सची (शिल्लक रात्रींची) नोंद पाठवाल का?” बरेच सदस्य सरळपणे पाठवतात. टाळाटाळ झाली, तर त्या काळात क्लबने सर्व सदस्यांना पाठवलेले ईमेल आणि वेबसाइटवरच्या सूचना शोधा. महामारीत रद्द झालेल्या रात्री पुढच्या वर्षात वापरू देण्याचं धोरण अशा सूचनांत लिहिलेलं असतं. पुढे आयोगात गेल्यास हीच नोंद हजर करण्याचा आदेश मागता येतो.

एक खाचखळगा इथेच सांगितला पाहिजे. काही वेळा सदस्य स्वतःच्या रिसॉर्टची खोली देत नाही, सदस्यांचे आठवडे आपसांत बदलून देणाऱ्या आरसीआयसारख्या एक्स्चेंज कंपनीमार्फत मिळवलेला आठवडा भाड्याने देतो. एक्स्चेंजमधून मिळालेला आठवडा पैसे घेऊन दुसऱ्याला देणं या कंपन्यांच्या नियमांत बसत नाही. तुमच्या व्हाउचरवर एक्स्चेंजचा उल्लेख असेल, तर कंपनीकडे थेट तक्रार केल्याने सदस्याचं खातं अडचणीत येऊ शकतं आणि हाती पैसे येतीलच असं नाही. त्या बाबतीत दावा फक्त सदस्यावर ठेवा.

कायदा नेमकं काय म्हणतो

नोटिशीत कोणतं कलम लिहायचं, ते करारात ‘फोर्स मेजर’चं म्हणजे कोणाच्याही हाताबाहेरच्या आपत्तीचं कलम आहे की नाही यावर ठरतं. असं कलम असेल तर ते कलम आणि करार कायद्याचं कलम ३२ लागू होतं. नसेल तर कलम ५६: करार केल्यानंतर ती गोष्ट करणं अशक्य झालं तर करार रद्दबातल होतो. ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या ‘एनर्जी वॉचडॉग’ निकालात स्पष्ट केली. अशक्य म्हणजे अक्षरशः अशक्यच असावं लागत नाही, कराराचा पायाच उखडला तरी पुरे, हे तर १९५४ च्या सत्यव्रत घोष प्रकरणापासून ठरलेलं आहे.

रद्दबातल झालेल्या कराराखाली ज्याने लाभ घेतला, त्याने तो परत करावा किंवा भरपाई द्यावी, असं कलम ६५ सांगतं. तुमचा खरा आधार हाच.

फोर्स मेजरचं नाव निघालं की माणसं हात टेकतात, आणि तसं करण्याचं कारण नसतं. ते कलम एवढंच म्हणतं की खोली देता आली नाही म्हणून नुकसानभरपाई मागता येणार नाही. घेतलेलं भाडं ठेवून घेता येईल, असं ते आपोआप म्हणत नाही. कलमाचं प्रत्येक वाक्य वाचा. ‘रक्कम परत केली जाणार नाही’ असे शब्द तिथे सरळ लिहिलेले नसतील, तर तो अर्थ मागून चिकटवता येत नाही. आणि ते कलम रिसॉर्ट व सदस्याच्या करारात असेल, तर तुमच्यावर ते बंधनकारक कसं, हेही विचारा. त्या करारावर तुमची सही नाही.

समोरच्याचा वकील एक मुद्दा हमखास काढतो: कलम ५६ भाडेपट्ट्यांना लागू होत नाही. निकाल तसे आहेत हे खरं. पण चार-सहा रात्रींचा मुक्काम हा भाडेपट्टा नाही. ती राहण्याची परवानगी आहे, जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. उत्तरात एवढं एक वाक्य पुरतं.

तुमच्या बाजूनेही एक चूक वारंवार होते. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विमान तिकिटांच्या परताव्याचा आदेश दिला, तो खोलीच्या बुकिंगला दाखवला जातो. तो निकाल फक्त विमानभाड्यापुरता आहे. तुमच्या सहलीची विमानाची तिकिटं असतील तर त्यांच्यासाठी तो वापरा, खोलीच्या नोटिशीत तो लिहिला की बाकीचं पत्रही कच्चं दिसतं.

किती मागायचं

रक्कम तीन कप्प्यांत वाटा. समजा तुम्ही एकूण ३८,४०० रुपये दिले: सहा रात्रींचं भाडं ३३,००० सदस्याला, ३,००० एजंटला कमिशन आणि जेवणाच्या प्लॅनचे २,४०० थेट रिसॉर्टला. ही तीन वेगळी येणी तीन वेगळ्या लोकांकडून आहेत. सगळी रक्कम एकाकडून मागितली की तो नेमका आपल्या वाट्याचा नसलेला भाग दाखवून पूर्ण मागणीच फेटाळतो.

रिसॉर्टचे २,४०० सर्वांत सोपे. सेवा दिलीच नाही, म्हणून जीएसटीसकट परत मागा. “कर सरकारजमा झाला” हे उत्तर स्वीकारू नका. बिल झालं असेल तर रिसॉर्टने क्रेडिट नोट काढायची असते, नुसता आगाऊ भरणा असेल तर रिफंड व्हाउचर. त्या कागदपत्रांची त्यांची मुदत त्यांनी चुकवली असेल, तर तो त्यांचा आणि जीएसटी खात्याचा प्रश्न.

सदस्याच्या ३३,००० चं गणित रात्रींवर अवलंबून आहे. रात्री परत जमा झाल्या असतील तर पूर्ण रक्कम मागा. गेस्टचं नाव घालण्यासाठी सदस्याने काही शुल्क भरलं असेल आणि ते परत मिळालं नसेल, तर तेवढं वजा करायला हरकत नाही. रात्री जमा झाल्या नाहीत, वाया गेल्या, तर सदस्यही होरपळलेला आहे. त्याने वार्षिक देखभाल शुल्क भरलेलंच असतं. कायद्याच्या भाषेत ते शुल्क त्याने तुमच्यासाठी भरलेलं नाही, तुम्ही आला नसता तरी भरावंच लागलं असतं, आणि हा मुद्दा नोटिशीत घ्यावा. पण तडजोडीला बसाल तेव्हा निम्म्यावर, म्हणजे १६,५०० वर, मिटवणं न्याय्य आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. दोघांच्याही हातात नसलेल्या गोष्टीचा भार दोघांनी उचलला, तर वर्षानुवर्षांचं भांडण टळतं.

एजंटच्या ३,००० चा निकाल कमिशन कशासाठी होतं यावर लागतो. फक्त गाठ घालून देण्यासाठी असेल, तर त्याने काम केलेलं आहे. मुक्काम पूर्ण होईपर्यंतच्या सेवेसाठी असेल, तर ते मागता येतं.

पहिलं पत्र

वकिलाच्या नोटिशीने सुरुवात करू नका. आधी तुमच्या सहीचं साधं पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. व्हॉट्सअॅपवरही त्याची पीडीएफ टाका. पंधरा दिवसांची मुदत द्या. मसुदा असा:

“विषय: दि. ____ ते दि. ____ या कालावधीतील रद्द झालेल्या मुक्कामाचे भाडे परत मिळण्याबाबत.

आपल्या सदस्यत्वाखालील ____ येथील रिसॉर्टमधील ____ प्रकारच्या खोलीसाठी मी दि. ____ रोजी रु. ____ आपल्या बँक खात्यात जमा केले (यूटीआर क्र. ____). सदर कालावधीत दि. ____ च्या शासकीय आदेशान्वये रिसॉर्ट बंद असल्याने मुक्काम होऊ शकला नाही. करार पूर्ण करणे अशक्य झाल्याने तो भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ नुसार रद्दबातल झाला असून कलम ६५ नुसार आपणांस मिळालेली रक्कम परत करणे आपणांवर बंधनकारक आहे.

सदर रात्री आपल्या सदस्य खात्यात पुन्हा जमा झाल्या आहेत किंवा नाहीत, याची नोंद कृपया सोबत पाठवावी. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रु. ____ खालील खात्यात जमा करावेत. अन्यथा मला कायदेशीर मार्ग अवलंबावा लागेल.”

करारात फोर्स मेजरचं कलम असेल तर ५६ ऐवजी त्या कलमाचा क्रमांक घाला, आणि ‘त्यात भाडे जप्त करण्याची तरतूद नाही’ असं वाक्य वाढवा. पत्रात राग, टोमणे, बदनामीची धमकी नको. हे पत्र उद्या आयोगाच्या सदस्यांसमोर वाचलं जाणार आहे.

उत्तरं साधारण ठरलेली असतात. “तारीख बदलून घ्या” असं आलं आणि तुम्हाला ते चालणार असेल, तर नवी तारीख, तोच हंगाम, तोच खोलीचा प्रकार आणि ‘पुन्हा शासकीय निर्बंध आल्यास रोख परतावा’ हे चारही मुद्दे लेखी घ्या. हंगाम महत्त्वाचा आहे. डिसेंबरच्या गोव्याच्या बदल्यात जुलैचा गोवा म्हणजे तेवढ्याच किमतीची वस्तू नव्हे. तारीख बदल चालणार नसेल, तर गप्प बसू नका. “मला बदल मान्य नाही, रोख परतावा हवा” असं त्याच दिवशी कळवा. महिनोन् महिने उत्तर न देणं पुढे संमती म्हणून मांडलं जातं.

“पैसे एजंटकडे आहेत” असं सदस्य म्हणाला, तर एजंटकडून सदस्याला पैसे गेल्याचा यूटीआर मागा. तो दोघांपैकी कोणीच देत नसेल, तर दोघांनाही पत्र पाठवा. एजंटने बुकिंगच्या वेळी सदस्याचं नावच सांगितलं नसेल, तर करार कायद्याच्या कलम २३० प्रमाणे एजंट स्वतः जबाबदार धरला जातो. नाव न सांगणारा एजंट “मी फक्त मध्यस्थ” म्हणून सुटत नाही.

बँकेकडून

क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे दिले असतील तर चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. कारण ‘सेवा मिळाली नाही’ असं द्या, ‘फसवणूक’ असं देऊ नका. फसवणुकीचं कारण दिलं की तपास भलत्या दिशेला जातो आणि अर्ज फेटाळला जातो. व्हिसाच्या नियमांत ही मुदत सेवा अपेक्षित असलेल्या शेवटच्या तारखेपासून १२० दिवस आणि व्यवहारापासून जास्तीत जास्त ५४० दिवस असते. पैसे आगाऊ देऊन मुक्काम आठ महिन्यांनी असेल, तर “व्यवहार जुना झाला” हे कॉल सेंटरचं उत्तर बरोबर असतंच असं नाही, त्यामुळे लेखी अर्ज करा.

यूपीआय किंवा एनईएफटीने दिलेले पैसे बँक परत ओढू शकत नाही, कारण व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलेला असतो. तिथे वेळ घालवू नका.

हेल्पलाइन आणि ग्राहक आयोग

पंधरा दिवस उलटले की रिसॉर्ट, क्लब किंवा एजंट कंपनीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं आणि शुल्क नाही. हेल्पलाइन आदेश देत नाही, फक्त कंपनीपर्यंत तक्रार पोचवते. मोठ्या कंपन्यांबाबत एवढ्यानेही काम होतं. हेल्पलाइनवर तक्रार केल्याने आयोगाची मुदत थांबत नाही, हे मात्र विसरू नका.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. कागदावर “वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात” असं छापलेलं असलं तरी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. खोली गोव्यात, सदस्य पुण्यात, तुम्ही नाशकात, तर तक्रार नाशकात. लवादाचं कलमही आड येत नाही, तो मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निकाली काढला.

एक फरक आधीच ओळखा. कंपनी आणि व्यावसायिक एजंट ‘सेवा देणारे’ आहेत, यात शंका नाही. आयुष्यात एकदाच आपला आठवडा ओळखीच्याला देणारा सदस्य सेवा देणारा ठरेल का, यावर वाद होऊ शकतो. तो सदस्य दरवर्षी जाहिरात करून रात्री विकत असेल, तर त्या जाहिरातींचे पुरावे जोडा. तसं नसेल आणि समोर फक्त सदस्यच असेल, तर आयोगापेक्षा पुढे सांगितलेला विधी सेवा प्राधिकरणाचा मार्ग बरा.

तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते आणि वकील बंधनकारक नाही. क्रम असा ठेवा: अनुक्रमणिका, तारखांची यादी, तक्रार, प्रतिज्ञापत्र, मग क्रमांक टाकलेले कागद. तारखांची यादी एका पानात बसवा, कारण सर्वांत आधी तीच वाचली जाते. मागणीत मूळ रक्कम, मागणीच्या तारखेपासून व्याज (९ टक्के मागणं वाजवी आहे), मानसिक त्रास आणि खर्च स्वतंत्र लिहा. ३३,००० च्या तक्रारीत पाच लाखांचा मानसिक त्रास लिहिला की मूळ मागणीचंही गांभीर्य जातं.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि फार तर आणखी १५. त्यापलीकडे आयोगही वाढ देऊ शकत नाही, हे घटनापीठाने ४ मार्च २०२० ला ठरवलं. ४६ व्या दिवशी उत्तर आलं तर लेखी हरकत घ्या. ती न घेतल्यामुळे हा फायदा कित्येकांच्या हातून जातो. आयोग मध्यस्थीसाठी पाठवत असेल तर जा, टाइमशेअरच्या तक्रारी तिथे लवकर मिटतात. आदेश मिळूनही पैसे आले नाहीत, तर कलम ७१ आणि ७२ खाली अर्ज करायचा. आदेश न पाळण्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. व्यवहारात ७२ ची नोटीस निघाली की पैसे येतात.

फक्त सदस्य समोर असेल तर

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचं, प्रकरण म्हणून अर्ज करा. शुल्क नाही, दोन्ही बाजूंना बोलावलं जातं आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो, त्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही तर काही होत नाही, ही या मार्गाची मर्यादा. पण तीस-चाळीस हजारांसाठी दिवाणी दावा लावण्याआधी हा दरवाजा नक्की ठोठवावा.

क्लब किंवा एजंट कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल, तर नादारी व दिवाळखोरी संहितेच्या (आयबीसी) कलम १४ ची स्थगिती लागते आणि त्या कंपनीविरुद्धची तक्रार पुढे सरकत नाही. तिथे दिवाळखोरीची प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यावसायिकाकडे जाहीर सूचनेतल्या मुदतीत दावा अर्ज भरावा लागतो. सदस्यावरचा दावा मात्र या स्थगितीने थांबत नाही, कारण भाडं त्याने स्वतः घेतलं आहे.

तडजोड झाली की एका पानाचा समझोता लिहा: दोघांची नावं, मूळ व्यवहाराची तारीख, ठरलेली रक्कम, ती कोणत्या खात्यात आणि कोणत्या तारखेपर्यंत जमा होणार, आणि ती जमा झाल्यावरच तुमचा कोणताही दावा उरणार नाही हे वाक्य. ‘जमा झाल्यावरच’ हे दोन शब्द वगळलेला मसुदा समोरून आला तर सही करू नका. चेक घेतलात तर तो वटेपर्यंत तक्रार मागे घेऊ नका, आणि त्याची वैधता तीन महिने असते, म्हणून भरायला उशीर करू नका.